साखरेच्या आड लपलेला रोग

माझे थोरले बंधू शेतकरी होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. वयाच्या 66 व्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. दादांनी गूळ-साखर सोडली. गोळ्या वेळेवर घेतल्या. तरी रक्तातली साखर उतरेना. जेवण जाईना. अंगातली बंडी ढगळ झाली. रात्री पाठ दुखे. आम्ही म्हणालो, "साखरेचा रोग आहे. माणूस वाळायचाच!"

पुढे डोळे पिवळे झाले. तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेले. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. फार उशीर झाला होता. दादा गेले. मी जन्मभर शाळा चालवली, पण हे मला ठाऊक नव्हते. म्हणून तुम्हांला सांगतो.

स्वादुपिंड म्हणजे काय? जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे हा अवयव असतो. तो इन्सुलिन नावाचा रस तयार करतो. त्या रसामुळे रक्तातली साखर आटोक्यात राहते. तिथे कर्करोगाची गाठ झाली की हे काम बिघडते. साखर वाढते. गाठ मात्र खोल असते. ती हाताला लागत नाही. साखर दिसते आणि गाठ लपते.

मग ओळखावे कसे? या खुणा ध्यानात ठेवा :

1. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघाला आणि वजन आपोआप उतरू लागले.
2. मधुमेह जुना. औषध तेच, पथ्य तेच. तरी साखर एकाएकी वाढली.
3. भूक गेली. पोटात वरच्या बाजूला दुखते आणि कळ पाठीत जाते.
4. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग फिका, अंगाला खाज.

पण घाबरू नका. म्हातारपणी मधुमेह निघालेल्या शंभरांत एखाद्यालाच हा कर्करोग असतो. नुसती साखर वाढूनही माणूस वाळतो. पण कारण कोणते, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आपण नव्हे. सोनोग्राफीत ही गाठ कधी कधी दिसत नाही. मग सीटी स्कॅन करावा लागतो. गाठ लवकर सापडली, तर शस्त्रक्रिया करता येते.

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकलात. एक वही करा. घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांचे वजन दर महिन्याला करा. तारीख आणि वजन वहीत लिहा. वजन उतरत चालले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दादांची अशी वही आमच्या घरी नव्हती.