कपाशीचा शेंडा आणि पिरिडीनचे वलय

कळमनुरी तालुक्यातील (जि. हिंगोली) काळ्या जमिनीत पाऊस चांगला झाला की कपाशी माजते. झाड उंच जाते, पानांची दाटी होते, तळाकडच्या पात्यांना ऊन मिळत नाही आणि ती गळतात. यावरचा जुना उपाय म्हणजे शेंडा खुडणे. नवा उपाय बाटलीतून येतो. त्याचे नाव मेपिक्वाट क्लोराइड. घरडा केमिकल्स या महाराष्ट्रातील कंपनीचे ‘चमत्कार’ हे त्याचेच ५ टक्के द्रावण. अशा औषधांना सरसकट ‘टॉनिक’ म्हणण्याची पद्धत आहे. ते टॉनिक का नव्हे, हे पाहण्यासाठी आपण त्याच्या रेणूपासून सुरुवात करू.

या रेणूचा गाभा म्हणजे पाच कार्बन व एक नायट्रोजन यांचे सहा अणूंचे वलय. या वलयाला पायपेरिडीन म्हणतात. काळ्या मिऱ्याचा तिखटपणा ज्या पायपेरीनमुळे येतो, त्यातही हेच वलय असते. कारखान्यात मात्र ते पिरिडीनपासून बनवतात :

पिरिडीन + ३ हायड्रोजन रेणू → पायपेरिडीन

म्हणजे ७९ ग्रॅम पिरिडीनला ६ ग्रॅम हायड्रोजन लागतो आणि ८५ ग्रॅम पायपेरिडीन मिळते. ६ ग्रॅम हायड्रोजनचे आकारमान ०° सेल्सिअस तापमानाला व एक वातावरण दाबाला सुमारे ६७ लिटर भरते.

हायड्रोजनीकरण आपल्या विद्यार्थ्यांना नवे नाही. तेलापासून वनस्पती तूप बनवताना निकेल उत्प्रेरक म्हणून वापरतात, हे ते शिकतात. मुंबईत शिवडीला असे उत्पादन १९३२ सालीच सुरू झाले होते. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू सुटे होतात आणि शेजारी येऊन टेकलेल्या तेलाच्या रेणूतील दुहेरी बंधाला जोडले जातात. मग तेच निकेल पिरिडीनला सहज का चालत नाही?

याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की पिरिडीनच्या वलयातील इलेक्ट्रॉन बेंझीनप्रमाणे सगळ्या वलयावर पसरलेले असतात. त्यामुळे ते स्थिर असते आणि ही स्थिरता मोडायला जोर लागतो. दुसरे कारण अधिक मजेदार आहे. नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. तिच्यामुळे रेणू धातूला घट्ट चिकटतो आणि हायड्रोजनची जागा अडवतो. तयार होणारे पायपेरिडीन तर पिरिडीनपेक्षा कितीतरी तीव्र आम्लारी आहे, त्यामुळे त्याची पकड आणखी घट्ट. अशा रीतीने अभिक्रियेचे उत्पादितच उत्प्रेरकाला निकामी करू लागते. याला उत्प्रेरकाची विषबाधा म्हणतात.

उपाय दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे तापमान वाढवणे आणि हायड्रोजनचा दाब तेलाच्या मानाने पुष्कळ जास्त ठेवणे, किंवा रुथेनियम, ऱ्होडियम यांसारखे अधिक कार्यक्षम धातू वापरणे. दुसरा उपाय युक्तीचा आहे. आम्ल घातले की प्रोटॉन त्या मोकळ्या जोडीला जाऊन बसतो. जोडी गुंतली, की धातूला चिकटायला काही उरत नाही. १९२८ साली अमेरिकेत हॅमिल्टन आणि ॲडम्स यांनी पिरिडीनच्या क्षारांचे प्लॅटिनमच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण केले, त्यामागे हेच तत्त्व होते.

पायपेरिडीनच्या नायट्रोजनला पुढे दोन मिथिल गट जोडले की मेपिक्वाट क्लोराइड हा क्षार मिळतो. तो वनस्पतीत जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होण्यात अडथळा आणतो. पेरी आखूड राहतात, झाड आटोपशीर राहते. पण यात नायट्रोजन आहे, मग हे खत नव्हे का? हिशोब करू. एक लिटर ५ टक्के द्रावणात सुमारे ५० ग्रॅम मेपिक्वाट क्लोराइड असते आणि त्यात नायट्रोजन जेमतेम ४.७ ग्रॅम. एवढा नायट्रोजन सुमारे दहा ग्रॅम युरियातूनच मिळतो. शिवाय हा नायट्रोजन वलयात अडकलेला, झाडाला अन्न म्हणून मिळण्यासारखा नाही.

म्हणून ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी, वाढ आधीच खुंटलेल्या कोरडवाहू कपाशीवर हे फवारणे म्हणजे पैसे घालवून वाढ आणखी रोखणे होय. ‘टॉनिक’ हा शब्द इथे महाग पडतो. शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी हा हिशोब वर्गात शिकली, तर तो घरी नक्की पोचेल.

प्रत्यक्ष पिरिडीन वर्गात आणू नये. ते ज्वलनशील, अपायकारक आणि अतिशय दुर्गंधी आहे. त्याऐवजी मातीचे गोळे व काड्या घेऊन दोन्ही वलये करावीत. पिरिडीन सपाट बसते. प्रत्येक वलयाच्या अणूवर आणखी एक हायड्रोजन चढवत गेले, की वलय सपाट राहत नाही, खुर्चीसारखे वाकते. असे किती हायड्रोजन अणू जोडावे लागले, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे आणि वरचे समीकरण ताडून पाहावे.