एक रिमोट, पण कुणाच्या हाताचा?

दिवाणखान्यातल्या टीपॉयवर किती रिमोट आहेत, एकदा मोजून बघा बरं! टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा दुसरा, होम थिएटरचा किंवा साउंडबारचा तिसरा, सिनेमे दाखवणाऱ्या स्टिकचा चौथा. शिवाय एसीचा, आणि हल्ली तर पंख्याचासुद्धा! यातला कुठला आधी दाबायचा आणि कुठला नंतर, हे घरातल्या एकाच माणसाला नीट ठाऊक असतं. आणि तो माणूस सकाळीच लोकल पकडून मुंबईला गेलेला असतो.

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे... इथल्या कितीतरी घरांत दुपारी फक्त आई किंवा सासूबाई असतात. जरा मालिका बघावी म्हणून बसावं, चुकून भलतंच बटण दाबलं जावं आणि पडद्यावर 'नो सिग्नल' यावं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. टीव्हीचा इनपुट तेवढा बदललेला असतो. पण ते परत जागेवर कसं आणायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. मग संध्याकाळपर्यंत टीव्ही मुका. वर ऐकूनही घ्यावं लागतं, "कितीदा सांगितलं, तू हात लावू नकोस म्हणून!"

या कटकटीवर उपाय म्हणून 'युनिव्हर्सल रिमोट' विकत घेतला जातो. म्हणजे सगळ्यांचा मिळून एक. पण तो घेताना दुकानात एकच प्रश्न विचारला जातो, "यावर किती वस्तू चालतात?" खरा प्रश्न दुसराच आहे. घरी एकटी असलेली बाई तो चालवू शकेल का?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये पहिला बिनतारी रिमोट केला, तो चक्क बॅटरीसारखा उजेडाचा झोत टाकायचा. खिडकीतून ऊन आलं तरी टीव्हीला वाटायचं, रिमोटच दाबला! पुढे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचे रिमोट आले. आपल्याकडे केबलची वायर थेट टीव्हीत जायची तोवर एका रिमोटवर भागत होतं. मग डिश आली, केबलही डिजिटल झाली. महानगरं सोडून इतर शहरी भागासाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. सेट टॉप बॉक्ससोबत दुसरा रिमोट घरात शिरला आणि मग रांगच लागली.

आता पर्याय बघू या, स्वस्तापासून महागापर्यंत.

फुकटातला उपाय
टीव्ही आणि साउंडबार एचडीएमआय केबलने जोडलेले असतील, तर नवा रिमोट घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' नावाची सोय शोधा. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणतं, सोनी 'ब्राव्हिया सिंक' आणि एलजी 'सिंपलिंक'. ती सुरू केली आणि केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत लावली, की टीव्ही लावताच साउंडबारही चालू होतो आणि आवाज एकाच रिमोटने कमी-जास्त करता येतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंचं कधीकधी पटत नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

शिकणारा रिमोट
सेट टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटवर एका कोपऱ्यात टीव्हीसाठी चार-पाच बटणं असतात. ती 'शिकवता' येतात. 'सेट' बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, हवं ते बटण दाबायचं, मग टीव्हीचा रिमोट समोरासमोर, दोन-चार बोटांच्या अंतरावर धरून त्याचं तेच बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की धडा पाठ झाला! हे काम मात्र मूळ रिमोट धडधाकट असतानाच उरकून घ्यावं. शिकवणारे गुरुजीच बंद पडले तर चेला शिकणार कुणाकडून?

आकड्यांचा रिमोट
मूळ रिमोट हरवला असेल तर हा कामाला येतो. त्यात निरनिराळ्या कंपन्यांचे संकेत आधीच भरलेले असतात. सोबतच्या कागदावरचा आपल्या टीव्हीचा आकडा घातला की झालं. कागद जपून ठेवायचा. सेल काढल्यावर काही रिमोट सगळं विसरतात!

फोनवरचा रिमोट
वायफायवर चालणारी छोटी डबी मिळते. फोनवरून किंवा तोंडी हुकूम दिला की ती खोलीत इन्फ्रारेड संकेत सोडते. हौशी मुलांना हे फार आवडतं. पण राउटर बंद पडला की बऱ्याचदा सारा खेळ थांबतो. आणि ज्याच्या फोनमध्ये सगळं भरलंय तो फोन घेऊन बाहेर गेला, तर घरातला रिमोटच गाडीत बसून गेला म्हणायचा.

एका बटणात सगळं
हा खरा 'प्रोग्रॅम' करायचा रिमोट. 'सिनेमा' दाबलं की टीव्ही, बॉक्स, अॅम्प्लिफायर ओळीने चालू होतात आणि इनपुटही आपोआप बदलतो. यात एक मेख आहे. बऱ्याच वस्तूंचं पॉवर बटण 'चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू' असं असतं. मध्येच कुणी आडवं आलं आणि टीव्हीला संकेत पोचला नाही, तर बाकी सगळं चालू आणि टीव्ही बंद. पुन्हा दाबलं की उलटं! म्हणून 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे संकेत भरता येतात का, ते बसवणाऱ्याला आधी विचारा.

दुसरी गोष्ट टिकण्याची. फिलिप्सचा 'प्रॉन्टो' या प्रकारातला नावाजलेला रिमोट, पण २०१० मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. लॉजिटेकच्या 'हार्मनी'ने घराघरांत नाव कमावलं, तर २०२१ मध्ये तेही बनवणं थांबवल्याचं जाहीर झालं. 'कंट्रोल फोर', 'आरटीआय' यांसारख्या भारी यंत्रणा विक्रेताच बसवतो आणि बदल करायचा तर बहुधा त्यालाच बोलवावं लागतं. म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्या: प्रोग्रॅमची प्रत आणि मराठीत लिहिलेला एक कागद, कुठलं बटण काय करतं याचा.

घेण्यापूर्वी हे तपासा
जुना रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली तर तो इन्फ्रारेडचा. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर पुढच्याने बघा. ठिणगी कुठेच नाही आणि तरी टीव्ही चालतोय, तर तो बहुधा ब्लूटूथचा. त्याची नक्कल शिकणाऱ्या रिमोटला जमत नाही.

एसीचा रिमोट या सगळ्यात मिसळू नका. तो प्रत्येक दाबण्यासोबत तापमान, पंख्याचा वेग अशी सगळी माहिती एकदम पाठवतो. तुम्ही 'वाढव' शिकवायला जाल आणि नवा रिमोट '२४ अंश' एवढंच पाठ करील!

होम थिएटर काचेऐवजी लाकडी दाराच्या कपाटात ठेवलं असेल तर संकेत आत पोचत नाही. त्यासाठी वायरचा छोटा 'डोळा' बाहेर काढून मिळतो. तो फर्निचर करतानाच सांगा, नंतर भोकं पाडण्यापेक्षा बरं.

आणि हाताला कळतील अशी बटणं बघा. दिसायला झकपक, सपाट काचेचा रिमोट अंधारात किंवा चष्मा नसताना काही कामाचा नाही. आकड्यांच्या रिमोटवर पाचाच्या बटणावर बारीक टिंब असतं, ते बोटाला लागलं की बाकीचे आकडे न बघता सापडतात.

सगळं बसवून झालं, की बसवणारा माणूस जायच्या आधी एक परीक्षा घ्या. घरात सर्वांत कमी टीव्ही लावणाऱ्या व्यक्तीच्या हातात रिमोट द्या. तिने कुणालाही न विचारता टीव्ही लावायचा, आवाज कमी-जास्त करायचा, मुद्दाम बिघडवलेला इनपुट परत जागेवर आणायचा आणि सगळं बंद करायचं. चारही गोष्टी जमल्या तर रिमोट पास. एखादी अडली, तर नापास रिमोटला करायचं, सासूबाईंना नाही. बसवणाऱ्याला तिथेच बटणं बदलायला लावा. नको असलेल्या बटणांवर चिकटपट्टी लावली तरी चालेल, लाज कसली?

बाजारात सर्वांत स्वस्त रिमोट दोन-तीनशेच्या आतला आणि सर्वांत महाग हजारोंचा. पण दुपारी एकट्या बसलेल्या बाईला 'थांब, मुलगा येऊ दे' असं म्हणायची वेळ येऊ देत नाही, तोच खरा युनिव्हर्सल!