दिवे लख्ख, गाडी ढिम्म

प्रीमियर पद्मिनीचे दोन्ही हेडलाइट लख्ख पेटलेत. हॉर्न खणखणीत वाजतोय. चावी फिरवली की मात्र बॉनेटखालून एकच आवाज येतो: टक्. पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. बॅटरीला मीटर लावावा तर तो ऐटीत १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज. मग इंजिन हलत का नाही?

कुर्ल्याच्या कारखान्यात एके काळी बनणारी ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली, पण हौशी मालकांनी जिवापाड जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. तिच्यात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर जोडून बिघाडाचं नाव वाचायची सोय नाही. प्रश्न नीट विचारला तर गाडीच उत्तर देते, आणि ते कसं देते हे बघून थक्क व्हायला होतं.

आधी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. एके काळी मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडे. इंजिन फिरवायला विजेची मोटर लावावी, तर ती भलतीच अवजड होईल असं वाटे. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं त्याआधी दुकानातलं गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवून दाखवलं होतं. त्यातली युक्ती त्यानं इथे आणली. ही मोटर दिवसभर थोडीच चालायची आहे? काही सेकंद तिच्याकडून कुवतीबाहेरचं काम घ्या, मग गार होऊ द्या! १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. ‘सेल्फ सलग मारू नका’ असं गॅरेजवाले बजावतात ते याचमुळे.

त्या काही सेकंदांत सेल्फ किती वीज ओढतो? छोट्या गाडीतही दीडशे अँपिअरच्या आसपास. दोन्ही हेडलाइट मिळून ओढतात जेमतेम आठ.

आता बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला तो पांढरट-हिरवट थर बघा. समजा, त्याचा अडथळा आहे एका ओहमचा फक्त पंचविसावा भाग. हेडलाइटचे आठ अँपिअर त्यातून जाताना एक तृतीयांश व्होल्टसुद्धा गळत नाही. दीडशे अँपिअर न्यायचे म्हटले तर? सहा व्होल्ट तिथेच खर्ची! दादर स्टेशनच्या पुलाचा जिना रात्री साडेबाराला कितीही अरुंद असला तरी चौघं आरामात उतरतात. सकाळी नऊला त्याच जिन्यावर पाऊल हलत नाही. मीटर तर वीज जवळजवळ मागतच नाही, म्हणून त्याला जिना कायम मोकळा दिसतो. तो खोटं बोलत नाही, आपणच त्याला चुकीच्या वेळी विचारतो.

म्हणून प्रश्न गर्दीच्या वेळी विचारायचा. हेडलाइट लावून ठेवा आणि सेल्फ मारा. बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्यानं घटतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की प्रकाश सुमारे तीस टक्के जातो. म्हणजे गाडीच्या पुढे एक नाजूक मीटर आधीच बसवलेला आहे, आणि तो वाचायला डोळे पुरतात! दिवे पार मालवले, तर बॅटरी बसली आहे किंवा टर्मिनलची पकड गेली आहे. मंदावून तसेच राहिले, तर सेल्फ झटतोय पण त्याला काहीतरी अडवतंय. आणि दिवे ढिम्म, जराही हलले नाहीत? मग ती मोठी वीज निघालेलीच नाही. शोध सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच), त्याची तार आणि अर्थिंग (विजेची परतीची वाट) यांच्याकडे वळवा.

कधी एक टक् न येता टक-टक-टक-टक अशी फैर झडते, तेही याच गोष्टीचं पिल्लू. सोलेनॉइडचं चुंबक संपर्क जोडतं, सेल्फ वीज ओढतो, थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, चुंबकाची पकड सुटते. संपर्क तुटताच व्होल्टेज सावरतं आणि चुंबक पुन्हा झेप घेतं. हे सगळं सेकंदात कित्येकदा!

मला सर्वांत नवल वाटतं ते अर्थिंगचं. बॅटरीतून निघालेली वीज परत येते गाडीच्या पत्र्यातून. बॉडी हीच परतीची तार. पण इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक चपटी विणलेली पट्टी असते. ती तुटली तर वीज मिळेल त्या वाटेनं निघते, अगदी चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही. सेल्फ मारल्यावर चोकची केबल तापली, तर दोष अर्थिंगचा! कुठल्या पुस्तकी बुद्धीला सुचलं असतं हे?

पक्कं करायची रीत तर वेडगळ वाटावी अशी. मीटरची एक पिन इंजिनाच्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. दोन्ही जागा एकच मानलेल्या, मग मोजायचं काय? आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर वाट ठीक. दोन-तीन व्होल्ट दाखवले, तर इंजिनाच्या वाट्याची वीज इथेच गळते आहे.

सेल्फ जोमात फिरतोय, तरी इंजिन पेट घेत नाही? मग कॉइलकडे जा. बारा व्होल्टांतून वीस हजारांच्या आसपास व्होल्ट काढणारी ही डबी ठिणगी कधी पाडते? वीज सुरू होताना नव्हे, बंद होताना! डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्या कोसळण्यातून ठिणगी जन्मते. चार सिलिंडरच्या या इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. पॉइंटवरच जाळ होऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो गेला की ठिणगी मरगळते आणि पॉइंट जळून काळे पडतात. पावसाळ्यात तर वीस हजार व्होल्टांना ओलाव्याची वाट आयती मिळते. रात्री बॉनेट उघडून बघा, दमट वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसू शकतात. हात मात्र लावू नका. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून-बाहेरून कोरडं पुसा. पुष्कळदा तेवढ्यावर गाडी सुरू होते.

तेव्हा नव्या बॅटरीचे पैसे मोजण्याआधी जुन्या बॅटरीची टर्मिनलं काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा आणि जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह तार आधी काढा आणि जोडताना सर्वांत शेवटी जोडा, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी भडका उडणार नाही.