काहून मेली, ते आधी पाहू

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरला की बॅटरीच्या दुकानांसमोर सकाळी सकाळी गाड्या लागतात. कुणी धक्का मारून आणलेली असते, कुणी शेजाऱ्याच्या गाडीला केबल जोडून चालू केलेली. संपादकांना यात थंडीची बातमी दिसली आणि त्यांनी मला वर्धा रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानात पाठवलं. दुकानाचे मालक साठी ओलांडलेले आहेत, गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी माझी बातमी पहिल्याच चहाला सात महिने मागे नेली. "थंडीनं काई नाई मरत, भाऊ," ते म्हणाले. "मरते मे महिन्यात. कळते आता."

त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. बॅटरीचं तापमान सतत दहाएक अंशांनी चढं राहिलं तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आतलं पाणी उडतं, धन प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला फारसा जोर लागत नाही, त्यामुळे खंगलेली बॅटरीही गाडी चालू करून देते. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. मागणी वाढते, पुरवठा घटतो, आणि सात महिन्यांपूर्वीचं दुखणं एका सकाळी बाहेर पडतं.

काकांनी शाळेत असतानाच या धंद्यात हात घातला. कामठी रोडवर ट्रकच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरण्यापासून त्यांची सुरुवात झाली. त्यांच्या खिशात आजही एक हायड्रोमीटर असतो: काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काचेचा काटा. बॅटरीचं बूच उघडून ॲसिड ओढायचं आणि काटा कुठे तरंगतो ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. ॲसिड घट्ट तर काटा वर, पाणचट तर खाली. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२६च्या आसपास असतं, पण दुकानात कुणी दशांश चिन्ह उच्चारत नाही. "बाराशे साठ" म्हणतात.

त्या सकाळी एका टॅक्सीवाल्याला नवी बॅटरी हवी होती. घाई होती, पैसे हातात होते. काकांनी आधी सहाही बुचं उघडली आणि ओळीनं वाचत गेले. बाराशे चाळीस. बाराशे पस्तीस. बाराशे चाळीस. चौथ्या घरात काटा बुडाल्यासारखा खाली गेला: अकराशे वीस. उरलेली दोन पुन्हा बाराशे चाळीसच्या घरात. काकांनी बुचं लावली आणि पोराला नवी बॅटरी काढायला सांगितलं. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण दोन व्होल्टची सहा घरं एकामागे एक जोडलेली. त्यातलं एक घर गेलं की बाकीची पाच धडधाकट असूनही उपयोग नाही.

त्यानंतरच्या गाडीचे आकडे वेगळे होते. सहाही घरं एकसारखी, अकराशे साठच्या आसपास. गिऱ्हाइकानं कंपनीचं नाव आणि किंमत विचारायला सुरुवात केली होती. काकांनी त्याला थांबवलं. "सगळे सेल सारखे उतरले म्हणजे बॅटरी मेली नाई, कोनीतरी पिऊन घेतली. काहून, ते आधी पाहू." बॅटरी रातभर हळू चार्जिंगला लागली. दुसऱ्या दिवशी काटा बाराशे पन्नासवर होता आणि गुन्हेगारही सापडला होता: गाडी बंद असतानाही जागा राहणारा डॅशकॅम. बंद गाडी साधारण ५० मिलिअँपियरपर्यंत ओढत असेल तर चालतं, ही त्याच्या कितीतरी पट ओढत होती. काकांनी चार्जिंगचे तेवढे पैसे घेतले. नवी बॅटरी विकली असती तर महिन्याभरात तीही अशीच बसली असती आणि वॉरंटीचं भांडण झालं असतं.

सगळीकडे असं होत नाही याची मला खंत वाटते. घराजवळच्या एका दुकानात माझी स्वतःची बॅटरी मीटर न लावताच बदलायला सांगितली होती. दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा निघाला. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी असतील तर बॅटरी उपाशी राहते, फार जास्त असतील तर उकळते. बंद गाडीवर, काही तास उभी राहिल्यानंतर, १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पाच-सातशे रुपयांच्या मल्टिमीटरवर हे कुणालाही घरी पाहता येतं.

हे यंत्र मुळात फार जुनं आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९मध्ये शिशाचे पत्रे ॲसिडात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. १८८१मध्ये कामीय फोर यानं पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची युक्ती काढली. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल फिरवायचं काम गेलं. तेव्हापासून शिसं आणि गंधकाम्ल हा जोड बदललेला नाही. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा मोठ्या लिथियम बॅटरीशेजारी दिवे, कुलपं आणि कॉम्प्युटरसाठी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच, आणि बहुतेकदा ती शिशाचीच.

बदललं ते झाकण. आता येणाऱ्या बहुतेक बॅटऱ्यांना बूचच नाही. वर एक हिरवा डोळा असतो; तो हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्ज करा, पांढरट म्हणजे पाणी कमी. काकांचा त्या डोळ्यावर भरवसा नाही आणि त्यांचं कारण रास्त आहे: तो सहापैकी एकाच घरात बसवलेला असतो. टॅक्सीवाल्यासारखं चौथं घर गेलं असेल आणि डोळा दुसऱ्यात असेल, तर तो हिरवाच दिसत राहील. सीलबंद बॅटरीसाठी त्यांच्याकडे लोड टेस्टर आहे. बॅटरीवर सेल्फइतका भार पंधरा सेकंद टाकायचा आणि व्होल्ट ९.६च्या खाली जातात का पाहायचं. काम होतं. पण हायड्रोमीटर आजाराचं नेमकं ठिकाण सांगायचा, हा फक्त आजारी असल्याचं सांगतो. काकांच्या हाताखालच्या दोघा पोरांना घरं वाचता येत नाहीत. शिकवायला बूच असलेल्या बॅटऱ्याच कमी येतात.

बूच असलेली बॅटरी ज्यांच्याकडे आहे, त्यांना काका एकच गोष्ट बजावतात: पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटला चिकटतात. ॲसिड तर कधीच ओतायचं नाही, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली की कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, पुसून पेट्रोलियम जेली लावायची. आणि गाडी उभी ठेवायची नाही. रिकाम्या बॅटरीत प्लेटवर लेड सल्फेटचे खडे जमतात. ते कोवळे असतानाच चार्ज केलं तर विरघळतात, महिनाभर तसेच राहिले तर गिझरच्या कॉइलवरच्या क्षारासारखे घट्ट बसतात. २०२०च्या टाळेबंदीनंतर गल्लीत सर्वाधिक आल्या त्या अशाच, न चालवल्यामुळे गेलेल्या बॅटऱ्या.

निवडीबद्दल ते थोडकंच बोलतात. डब्यावरचा कोड वाचायचा. ३८बी२०एल असेल तर २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते. बाजू चुकली तर केबल ताणून लावली जाते, आणि ताणलेली केबल कधीतरी पत्र्याला घासते. ऑटो स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी सांगितली असेल तर साधी बसवायची नाही. आणि दुकानातल्या बॅटरीची तारीख पाहायची. शेल्फवर वर्षभर पडलेली नवी बॅटरी नवी नसते.

बसवताना मात्र ते पोरांच्या डोक्यावर उभे राहतात. हातातली अंगठी, कडं काढायचं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. ती आधी सोडवली की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्यावर पडलेल्या ठिणगीनं डबा फुटून ॲसिड तोंडावर उडालेला माणूस काकांनी पाहिला आहे. म्हणून केबल जोडून गाडी चालू करतानाही शेवटचा काळा चिमटा बसलेल्या बॅटरीवर लावू देत नाहीत. दूर, इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावायला सांगतात.

मी निघणार होतो, तेवढ्यात मागच्या दारी जुन्या बॅटऱ्या उचलायला गाडी आली आणि आमचं बोलणं तिकडे वळलं ते वळलंच.

बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि ते जवळजवळ सगळं पुन्हा वापरता येतं. म्हणून नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात. २००१च्या नियमांनी जुनी परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक केलं. २०२२च्या नियमांनी ती नोंदणीकृत कारखान्यातच पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. कोळशाची भट्टी, एक कढई आणि कुऱ्हाड असली की शेताच्या बांधावरही ते गाळता येतं. ॲसिड मातीत ओततात, धूर वस्तीवर जातो. अशा भट्टीला ना प्रदूषण नियंत्रणाचा खर्च, ना ॲसिड शमवण्याचा, त्यामुळे तिथला माणूस किलोमागे जास्त भाव देतो. काकांच्या दारात तो दर आठवड्याला येतो. "त्याले नाई म्हटलं का तो शेजारी जाते," काका म्हणाले. "शेजारी हो म्हणते."

सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत २००७-०८च्या हिवाळ्यात अठरा लहान मुलं अशाच कामातून पसरलेल्या शिशानं दगावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालाप्रमाणे जगात तीनपैकी एका मुलाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसं आहे. भारतातल्या अशा मुलांचा अंदाज सत्तावीस कोटींच्या वर जातो. त्यात मसाले, रंग, भांडी यांचाही वाटा आहे, पण बॅटऱ्यांचा मोठा. आपण २०००मध्ये पेट्रोलमधून शिसं काढलं. बॅटरीतून निघणारं शिसं मोकळंच आहे, आणि त्याची कुणकुण गाडीमालकाला लागत नाही, कारण त्याच्या बिलावर 'जुनी बॅटरी वजा' एवढीच ओळ असते. ती कुठे गेली ते विचारणारं गिऱ्हाईक काकांना आजवर भेटलेलं नाही.

मुलाच्या शरीरात शिसं मोठ्यापेक्षा जास्त शोषलं जातं आणि ते मेंदूवर जातं. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी पोचते, हे काकांना उशिरा कळलं. आता दुकानात कामाचे कपडे वेगळे आहेत, ते इथेच धुतले जातात, आणि डबा खायला पोरांना पुढच्या बाजूला बसावं लागतं. दोघांपैकी एकाला वर्षाची मुलगी आहे. त्या दोघांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायचं काकांनी ठरवलं आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पॅथॉलॉजीत ती तपासणी होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी अजून मिळालेली नाही.