तीन यंत्रांचा संसार

‘कुबरनेटीस’ हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आमच्यापैकी एकाला ते एखाद्या दुखण्याचे नाव वाटले! वस्तुतः हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘सुकाणू धरणारा’ असा आहे. गूगलने २०१४ साली जाहीर केलेली ही संगणकप्रणाली आज जगभर वापरली जाते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी तिच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. आपल्या वार्षिकाचे जुने अंक स्कॅन करून ते सर्वांना घरबसल्या वाचता यावेत, अशी सोय आम्ही चौघे मित्र करीत होतो. त्या निमित्ताने केलेला खटाटोप आणि त्यात बसलेला फटका येथे सांगत आहे.

प्रथम ‘कंटेनर’ म्हणजे काय ते पाहू. १९५६ साली ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. त्यापूर्वी बंदरात प्रत्येक पोते, प्रत्येक पिंप सुटे सुटे चढवावे व उतरवावे लागे. आता आत काय आहे याची विचारपूस न करता सबंध पेटीच उचलता येऊ लागली. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदरात आज हेच दृश्य दिसते. संगणकातील कंटेनरही असाच असतो. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व सामान एकाच पेटीत बांधलेले असते. ती पेटी कोणत्याही योग्य यंत्रावर ठेवा, चालू होते. पेट्या पुष्कळ झाल्या की कोणती कोठे ठेवायची आणि एखादी बंद पडली तर काय करायचे, हे पाहणारा कोणी तरी हवा. तोच हा सुकाणूवाला.

‘क्लाउड’ म्हणजे ढग खरा, पण त्याचा कारभार जमिनीवरच चालतो. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रगृहांतील संगणक तेथे तासाच्या भाड्याने मिळतात. मुंबई व पुणे येथेही २०१५-१६ पासून अशी केंद्रे आहेत. आम्ही प्रत्येकी दीड हजार रुपये काढून सहा हजारांची गंगाजळी केली व तीन लहान यंत्रे भाड्याने घेतली.

तिन्ही यंत्रांवर पेट्या चालविणारा प्रोग्राम आणि ‘क्यूबलेट’ नावाचा मुकादम बसविला. पहिल्या यंत्राला कारभारी केले. त्याच्यापाशी ‘एट्सीडी’ नावाची एक वही असते. सगळ्या संसाराची नोंद तिच्यात होते. ही वही बाहेरच्या कोणाच्या हाती लागली तर सर्वस्व गेलेच म्हणून समजा. म्हणून तिची दारे बाहेरच्या जगाला बंद ठेवावी लागतात. कारभारी तयार झाला की तो एक परवलीचा शब्द देतो. तो चोवीस तास चालतो. तेवढ्या अवधीत उरलेल्या दोन यंत्रांनी तो सांगून आत यायचे. आमची यंत्रे आत आली, पण त्यांच्यापुढे ‘तयार नाही’ असा शेरा काही केल्या जाईना. पेट्यांना आपसांत बोलण्यासाठी लागणारी जाळ्याची जोडणी वेगळी बसवावी लागते, हे उमगण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

या प्रणालीचे खरे मर्म पुढेच आहे. तिला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नसते. शेवटी काय असावे, एवढेच लिहून द्यायचे असते. ‘दर तासाने तेल घाल’ असे न सांगता ‘नंदादीप विझता कामा नये’ असे सांगावे, तसे. आम्ही लिहिले : ‘या पेटीच्या तीन प्रती चालू असाव्यात.’ मुद्दाम एक प्रत बंद केली. क्षणार्धात दुसरी उभी! आम्ही टाळ्या पिटल्या.

दिवाळीच्या सुटीपूर्वी खर्च वाचावा म्हणून सर्व बंद करायला बसलो. तिन्ही प्रती पुसल्या. तिन्ही परत आल्या. पुन्हा पुसल्या, पुन्हा आल्या. आम्ही दिवा फुंकत होतो, पण ‘विझता कामा नये’ हा आमचाच लेखी हुकूम कायम होता! अखेर तो हुकूमच पुसला, प्रती नाहीशा झाल्या आणि आम्ही निश्चिंत मनाने आपापल्या गावी गेलो.

तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा बहुतेक गंगाजळी बिलात गेली होती. आम्ही पेट्या हलविल्या होत्या. भाड्याची यंत्रे आणि त्यांच्या तबकड्या मात्र चालूच होत्या. घरातले सामान काढले म्हणून भाडे थांबत नाही. खोली सोडल्याचे घरमालकाला सांगावेच लागते. आमच्या कारभाऱ्याला पेट्यांची काळजी होती. आमच्या सहा हजारांविषयी त्याच्या वहीत एक ओळही नव्हती, कारण ती आम्ही लिहिलीच नव्हती.

ही हकीकत ऐकून तत्त्वज्ञानाच्या बाईंनी विचारले, “अहो, पण या कामाला एकच यंत्र पुरले नसते का?” पुरले असते. निकालाच्या दिवशी लाखोंची झुंबड उडते, तेथे असा संसार हवा. आमच्या जुन्या अंकांना दिवसाकाठी दहा वाचक लाभले तरी खूप! आता ते अंक एकाच लहान यंत्रावर आहेत, आणि सुटीपूर्वी काय काय बंद करायचे याची यादी आम्ही कागदावर लिहून भिंतीला लावली आहे. सांगितलेले अचूक करणारा सेवक मिळाला, तरी काय सांगायचे आणि केव्हा थांबायचे, हे ठरविण्याचे काम आपल्याकडेच राहते. एवढे शिकायला सहा हजार रुपये जास्त झाले, असे माझ्या वडिलांचे मत आहे.