मैल्याचे मोल

कारखान्यातून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ हा वस्तुतः पैसे देऊन विकत घेतलेला कच्चा मालच असतो. त्याची किंमत दोनदा मोजावी लागते : एकदा तो खरेदी करताना आणि पुन्हा त्याची विल्हेवाट लावताना. हा दुसरा खर्च नदीवर किंवा शेजाऱ्यांवर ढकलता आला, तर तो मालकाच्या हिशेबवहीत दिसत नाही, एवढेच. समाजाला तो चुकत नाही. म्हणून एका उद्योगाचा टाकाऊ पदार्थ हा दुसऱ्या उद्योगाचा कच्चा माल व्हावा, हे शून्य-कचरा उत्पादनाचे मूलतत्त्व होय. या तत्त्वाचे एक मोठे उदाहरण कोणत्याही कारखान्यात नव्हे, तर कोलकाता शहराच्या पूर्व वेशीवर पाहावयास मिळते.

कोलकात्याच्या जमिनीचा उतार हुगळीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी पूर्वीपासून त्याच दिशेस, विद्याधरी नदीकडे, सोडले जाई. ही नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. भरतीचे खारे पाणी येईनासे झाले, तेव्हा तेथील मत्स्यव्यवसायावर संकट ओढवले. १९३० च्या सुमारास मत्स्योत्पादकांनी शहराचे सांडपाणीच तळ्यांत घेऊन पाहिले आणि मासळी उत्तम पोसते, असे त्यांना आढळले. या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात.

भेडी जेमतेम अर्धा ते दीड मीटर खोल असते. उथळपणामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो व शेवाळ वाढते. शेवाळातून सुटणाऱ्या प्राणवायूवर जगणारे जीवाणू मैल्याचे विघटन करतात. विघटनातून मिळणाऱ्या पोषक द्रव्यांवर शेवाळ पुन्हा वाढते. आणि रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे या सूक्ष्म वनस्पती व प्राण्यांवर पोसून त्यांची बेसुमार वाढ रोखतात. बाहेर पडणारे पाणी पुढे भातशेतीस मिळते. जवळच धापा येथे शहराच्या कचऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भाजीपाला पिकत आला आहे. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून नोंदविला गेला. राज्य सरकारच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास करून तिचे महत्त्व जगापुढे मांडले.

यंत्रांनी सांडपाणी शुद्ध करावयाचे, तर भांडवल, वीज आणि देखभाल यांवर सतत खर्च करावा लागतो. येथे ते काम सूर्य करतो आणि शहराला वर ताजी, स्वस्त मासळी मिळते. परंतु या सोयीतच धोकाही दडलेला आहे. मच्छीमाराला मासळीचा भाव मिळतो, पाणी शुद्ध केल्याबद्दल मात्र कोणी छदामही देत नाही. ज्या सेवेला किंमत नाही, ती बाजाराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मग तळ्यापेक्षा बुजविलेली जमीन अधिक मोलाची ठरते. १९६० नंतर उत्तरेकडील मोठा भाग हुगळीतील गाळाने भरून तेथे सॉल्ट लेक ही वसाहत उभी राहिली. १९९२ मध्ये ‘पब्लिक’ या नागरिक संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पाणथळ भूमीचा अन्य उपयोग करण्यास मनाई केली आणि २००६ मध्ये तिच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. तथापि, शहर वाढत असेपर्यंत जमिनीचा मोह सुटणार नाही.

या सजीव यंत्रणेला मर्यादाही आहे. मैल्याचे ती अन्न करते. धातूंचे करू शकत नाही. टँगरा, तिलजला, तोपसिया येथील कातडी कारखान्यांतून येणारे क्रोमियम विघटन पावत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे कारखाने तेथून हलविण्याचा आदेश दिला.

येथेच ग्राहकाचा संबंध येतो. चामड्याचा जोडा स्वस्त मिळाला, म्हणजे तो स्वस्तात तयार झाला असे नव्हे; त्याच्या किमतीचा काही भाग कदाचित दुसऱ्या कोणाच्या पाण्याने भरलेला असतो. उलट, भेडीतील मासळीच्या भावात शहर स्वच्छ ठेवण्याचे श्रम मोजलेलेच नसतात. जागरूक ग्राहकाने वस्तूची किंमत विचारताना तिच्यामागे काय टाकले गेले आणि ते कोठे गेले, हेही विचारले पाहिजे. कारण ज्या मोरीत तो आज काही ओततो, तिचे पाणी उद्या त्याच्याच ताटात येणार असते.