गावचा नहर आणि शाळेतला तास

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तीन विषय आपल्या शाळांतून तीन सख्ख्या पण वेगळ्या राहणाऱ्या भावांप्रमाणे शिकविले जातात. परीक्षेपुरते ते एका घरात येतात आणि निकाल लागला की पुन्हा पांगतात. ह्या तिघांचा मिळून एक विषय असावा, ही कल्पना मात्र आजची नव्हे. अमेरिकेतील एका शिक्षणसमितीने १९१६ साली तिचा पुरस्कार केला होता, आणि स्वतंत्र भारतात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी ‘समाजाभ्यास’ हा विषय सुचविला. हेतू साधा होता. मूल ज्या समाजात वाढते त्याचे त्याला आकलन व्हावे, आणि त्यासाठी इतिहासाची, भूगोलाची व राज्यकारभाराची माहिती एकमेकींच्या मदतीला यावी.

प्रत्यक्षात झाले ते असे की, तीन पुस्तके एका पुठ्ठ्यात बांधली गेली. शिक्षक तेच राहिले, प्रश्नपत्रिकाही तीच राहिली. सनावळी पाठ, नद्यांची नावे पाठ, राज्यपालांचे अधिकार पाठ! ह्यात शिक्षकांचा दोष आहे असे मला वाटत नाही. ज्याला इतिहास शिकविण्याचे शिक्षण मिळाले त्याच्या हाती एकाएकी मोसमी वारे दिले, तर तो बिचारा पुस्तक वाचून दाखविण्यापलीकडे काय करणार?

आपल्या मराठवाड्यात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यानंतर आठ वर्षे हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. म्हणजे अवघ्या बारा वर्षांच्या अवधीत ‘आपले राज्य’ ह्या शब्दाचा अर्थ तीन वेळा बदलला. असा अनुभव असलेल्या प्रदेशात समाजाभ्यास हा रुक्ष विषय वाटावा, ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

आता अभ्यासक्रमाची रचना कशी असते ते पाहू. तिचे मूळ तत्त्व जवळून दूर जाण्याचे आहे. आधी घर, मग गाव, जिल्हा, राज्य, देश आणि शेवटी जग. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’ने हे तत्त्व स्वीकारले. तिसरीच्या मुलांसाठी जिल्हावार पुस्तके निघाली, चौथीला शिवछत्रपतींचे चरित्र आले. जिल्हावार पुस्तकाची कल्पना मला फार मोलाची वाटते. पैठणच्या मुलाला गोदावरी आपल्या पुस्तकात भेटावी, ह्यात मोठे शहाणपण आहे. पण ह्या तत्त्वात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे जवळचे ते सोपे. तसे नसते. सात वर्षांच्या मुलाला इजिप्तचे पिरॅमिड समजतात. महानगरपालिकेचा अर्थसंकल्प चाळीस वर्षांच्या बापालाही समजत नाही. जवळची वस्तू रोज दिसते म्हणूनच ती दिसेनाशी होते. तिच्याकडे पुन्हा पाहावयास लावणे हे शिक्षकाचे काम आहे.

आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, आणि १६१० साली त्याने खडकी वसविली. वस्ती वाढवावयाची तर पाणी हवे. त्याने शहराच्या उत्तरेच्या डोंगराळ भागात भूगर्भात पाझरणारे पाणी गाठले आणि जमिनीखालून नहर काढून ते गावात आणले. ना मोट, ना पंप. सारे काम उताराचे. पुढे अठराव्या शतकात नहराच्याच पाण्याने पाणचक्कीचे जाते फिरू लागले.

पुस्तकात हा मजकूर चार ओळींत संपतो. तोच तास वेगळ्या रीतीने घेता येईल. शिक्षकाने प्रथम उत्तर सांगू नये, प्रश्न द्यावा : विजेशिवाय पाणी डोंगरातून शहरात कसे आले असेल? मुलांनी परातीत वाळूचा डोंगर करावा, नळीने पाणी सोडावे, उतार कमीजास्त करून पाहावा. हा भूगोल झाला. मग पाणचक्कीवर जावे, वस्तीतल्या वृद्धांना विचारावे की तुमच्या लहानपणी पाणी कोठून येत होते. एका आजोबांचे सांगणे दुसऱ्यांशी जुळणार नाही. न जुळो! दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा काय करावयाचे, हाच इतिहासाचा पहिला धडा होय.

आणि मग तिसरा प्रश्न : आज आपल्या घरी पाणी कोठून येते? ते जायकवाडीहून येते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली ज्याची कोनशिला बसविली आणि इंदिरा गांधींनी १९७६ साली ज्याचे उद्घाटन केले, ते हे धरण. पैठणचा जलाशय आपल्या शहरापेक्षा शंभर मीटरांहून अधिक सखल आहे. म्हणजे मलिक अंबराचे पाणी उतरत येत होते, आपले पाणी विजेने चढवावे लागते. २०२० नंतरच्या वर्षांत शहराच्या अनेक भागांत नळाला पाणी पाच-सहा दिवसांआड, कधी त्याहून उशिरा येत होते, ते का? कोणत्या वस्तीला किती, आणि ते ठरविते कोण? हे विचारताच मूल नागरिकशास्त्रात शिरले. मात्र त्याला कलमे पाठ करावी लागली नाहीत. घरातला रिकामा हंडाच त्याला तेथे घेऊन गेला.

अशा तासाला वेळ लागतो, हे खरे. चार ओळींसाठी चार तास! तेव्हा अभ्यासक्रम आखणाऱ्याने पुष्कळ प्रकरणे गाळण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ संस्थेने ऐंशीच्या दशकात काही सरकारी शाळांसाठी अशी पुस्तके तयार केली, तेव्हा सर्व काही थोडे थोडे सांगण्याचा हव्यास सोडून थोडे विषय खोलवर घेतले होते. आणि आपल्याकडे फार पूर्वी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देताना खेड्यातील शाळांसाठी वाचन, लेखन, हिशेबाबरोबर सामान्य इतिहास-भूगोल, शेतीची माहिती व आरोग्याचे नियमही मागितले होते. शाळेतले ज्ञान मुलाच्या जगण्याला लागून असावे, हा आग्रह तेथे स्पष्ट आहे.

वेळेपेक्षा मोठी अडचण मनाची आहे. गावाकडे खरोखर पाहू लागले की अवघड प्रश्न येतात. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. नावे का बदलली? १९४८ च्या सप्टेंबरापूर्वी रझाकारांनी काय केले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक कसे लढले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगितलेच पाहिजे. पण पोलीस कारवाईनंतर काही भागांत मुसलमान वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, हेही घडलेलेच आहे. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या आज्यांनी दोन वेगळ्या आठवणी सांगितल्या असतील. शिक्षक म्हणतो, हा विषय नको. त्याची भीती मी समजू शकतो. पालक तक्रार घेऊन येतात. पण शाळेने टाळलेला प्रश्न मूल टाकून देत नाही, ते त्याचे उत्तर चौकात किंवा हातातल्या मोबाईलवर शोधते, आणि तेथे पुरावा मागण्याची पद्धत नाही. वर्गात निदान असे विचारता येते की हे कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले काय, आणि दुसरा कागद काय म्हणतो. नावाच्या बाबतीतही, २०२३ साली झालेला बदल कोणत्या सरकारांच्या संमतीने व कोणत्या पायऱ्यांनी झाला, हे कोणाचेही मन न दुखविता शिकविता येते.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. ‘खडकी कोणी वसविली?’ असा एका गुणाचा प्रश्न जोवर येत राहील, तोवर कोणताही शिक्षक मुलांना घेऊन पाणचक्कीवर जाणार नाही. त्याऐवजी शहराचा उंचसखलपणा दाखविणारा नकाशा छापून ‘नहर कोणत्या दिशेने आणावा लागला असेल, कारण द्या’ एवढाच प्रश्न पाच गुणांसाठी घातला, तर पुढल्या वर्षी जूनमध्ये वर्गात परात आणि वाळू दिसू लागेल.